कणगीच्या तळाचे दाणे

मित्रांनो, कीर्तनाला उभे राहिलेले बुवा आधी नमन करतात, मग कथेला हात घालतात. मी तर धान्य साठवायची बांबूची एक जुनी कणगी, मला ना वीणा ना गळा. तरी ती रीत मी मोडणार नाही. कळंबच्या उकंडा बुरुडानं मला विणलं, त्याच्या कामट्यांनी सोललेल्या बोटांना माझं पहिलं नमन. दुसरं नमन मला शेणमातीनं लिंपणाऱ्या हातांना.

बैलगाडीतून मला आणलं ते बाभुळगावच्या वाटेवरच्या एका वसतिगृहात. वसतिगृह कसलं, कुडाच्या खोल्या आणि पुढे एक ओटा! गावोगावी शाळा नव्हत्या, म्हणून बंजारा तांड्यावरची, बौद्ध वस्तीतली, कोलाम आदिवासींच्या पोडावरची मुलं इथं राहून शिकत. भीमराज गुरुजी आणि तांड्याचे लालसिंग नाईक या दोघांनी हे घर उभं केलं होतं. मुलांनी घरून ज्वारी आणायची, ती माझ्यात ओतायची आणि त्यातूनच सगळ्यांच्या भाकरी व्हायच्या.

तेव्हा काही आईबाप दबक्या आवाजात म्हणत, "गुरुजी, आमच्या पोराची ज्वारी निराळी ठेवा." गुरुजी वाद घालत नसत. नव्या मुलाला माझ्यापाशी आणत, त्याच्या हातानं पहिली मूठ माझ्यात टाकायला लावत आणि कोपरापर्यंत हात घालून दाणे कालवायला सांगत. मग विचारत, "आता तुह्ये दाणे वेचून दाखव बरं."

"नाही वेचता येत, गुरुजी."

"मंग चाल, पंगतीले बस."

इतकंच.

संध्याकाळी ओट्यावर त्रिशरण होई, मग तांड्याची भजनं. वर्षातून एकदा कळंबहून बुवा कीर्तनाला येत. मृदंगावर थाप पडली की माझ्यातले दाणेसुद्धा शहारून उठत. एकदा भर निरूपणात बुवांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, "देवळात जायले जमलं नाही, तं या कणगीले हात जोडा." त्या दिवशी मी किती फुलून गेले म्हणून सांगू!

पण बाळांनो, दिवस पालटले. सिमेंटची इमारत झाली. गहू-तांदळाची पोती येऊ लागली. शिवारातून ज्वारीच उठून गेली. मला स्वयंपाकघराच्या पडवीत कोपऱ्यात लोटलं. माझं लिंपण पोपडे धरून गळू लागलं, पोटात फाटक्या सतरंज्या आल्या. मुठीची रीत बंद पडली आणि तिची नुसती चेष्टा उरली. मोठ्या मुली नव्या मुलींना चिडवत, "मूठ नाही, तं पंगत नाही!"

यंदा दिवाळीनंतर तांड्यावरचा नेमसिंग आपल्या लेकीला, जमनीला, इथं सोडून गेला. नवराबायको ऊसतोडीला निघाली होती. पोर इथं राहिली तरच तिची शाळा टिकणार होती. संध्याकाळी ताटं मांडली आणि प्रियंका नावाच्या मोठ्या मुलीनं हसत हसत तेच वाक्य टाकलं. जमनीला ते खरं वाटलं. ती ताटावरून उठली आणि माझ्या आडोशाला येऊन बसली. स्वयंपाकाच्या वच्छलाबाईंनी विचारलं, तर म्हणाली, "मले भूक नाही." माझ्या अंगाला टेकलेलं तिचं पोट कसं वाजत होतं, ते मीच ऐकलं.

सकाळी फाटकाशी ट्रक थांबला. निघण्याआधी नेमसिंग लेकीला भेटायला आला. जमनी पिशवी घेऊनच उभी होती.

"बा, मी तुह्या संगच येते. इथं मूठभर ज्वारी लागते. आपल्या घरी नाही."

नेमसिंगचा चेहरा उतरला. "बाई, ज्वारी कुठून आणू वो?" तो वच्छलाबाईंना म्हणाला. "वावरात सारा कापूस न सोयाबीन. ज्वारी पेरली तं रानडुकरं ठेवत नाही."

"कोण म्हणते ज्वारी लागते?" वच्छलाबाईंनी मागं पाहिलं. प्रियंकाची मान खाली गेली. "मी तं मजाक केलती, मावशी," ती पुटपुटली.

वच्छलाबाई माझ्यापाशी आल्या. लहानपणी त्या याच घरात राहून शिकल्या होत्या. त्यांनी माझ्या पोटातल्या सतरंज्या उपसल्या, वाकून तळाचं लिंपण नखांनी खरवडलं. कामट्यांच्या फटीत अडकलेले जुने, काळपटलेले दाणे निघाले. ते त्यांनी जमनीच्या तळहातावर ठेवले.

"कोणाचे हाये हे?" जमनीनं विचारलं.

"कोणाले ठाऊक! गुरुजीलेही वेचता आले नसते. टाक."

जमनीनं ते माझ्यात टाकले. केवढासा तो आवाज! पण मला मृदंगावरची थाप ऐकू आली.

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. जमनीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "बा, तू जाय. येतानी ज्वारी आणजो."

प्रियंका ताट घेऊन आली आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसली. ट्रक दिसेनासा झाला तेव्हा जमनी रडत होती, पण जेवत होती.

मित्रांनो, पुढच्या रविवारी त्या दोघींनी मिळून मला लिंपलं. आता माझ्या अंगावर एका लहान तळव्याचा ठसा आहे. मी पुष्कळ जगले, आता कधी मोडेन सांगता येत नाही. माझी काळजी घेतलीत तर बरं वाटेल, पण माझं खरं मागणं निराळं आहे. तुमच्या दारी कुणी नवं लेकरू आलं, तर त्यानं काय आणलं हे पाहू नका. आधी विचारा, "जेवलीस का गं?"

नेमसिंग अजून परतलेला नाही. फाटक वाजलं की जमनीबरोबर मीही कान देते.