कलम चार

पालक माझ्यामागे मला कलमबाई म्हणतात, हे मला ठाऊक आहे. शाळेच्या भिंतींना चाळीस-चाळीस कान असतात, त्यामुळे नाव पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते माझ्यापर्यंत पोचलं होतं. मला त्याचा राग आला नाही. बावीस वर्षं पाचवीचा वर्ग सांभाळायचा म्हणजे काहीतरी नाव पडणारच, आणि शेजारच्या वर्गावरच्या सरांना मुलं ‘ढेकर’ म्हणतात. त्या मानाने मी सुखी.

नाव पडलं ते पिवळ्या कागदामुळे. दर वर्षी पहिल्या आठवड्यात मी पालकांना बोलावते आणि एकेकाच्या हातात तो कागद देते. त्यावर बारा कलमं आहेत. वेळेवर यावं, डबा स्वतः उघडावा, दुसऱ्याचं बोलणं तोडू नये, असली साधीच. पण चार कलमांवर माझा विशेष जीव. कलम तीन: गृहपाठाच्या डायरीवर पालकांनी रोज सही करावी. कलम चार: प्रकल्प मुलानेच करावा, मोठ्यांचा हात दिसला तर शून्य. कलम सात: चूक झाली तर उभं राहून मोठ्याने सांगावी, कारण देऊ नये. कलम नऊ: एकदा दिलेले गुण बदलणार नाहीत.

कलम चार मी अनुभवातून शिकले आहे. दहा वर्षांच्या मुलाने ‘बनवलेला’ दिवे लागणारा पूल मी पाहिला आहे. तो वर्गात आणायला मुलाचे काका आणि एक सुतार आले होते. पूल कसा उभा राहतो विचारल्यावर मुलगा म्हणाला, काकांना विचारून सांगतो.

यंदाच्या त्या सभेत पालक नेहमीप्रमाणे मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. मी एकेक कलम वाचत होते. चौथ्यावर आले तेव्हा मागच्या बाकावरून एका बारीक माणसाने हात वर केला. तो दुकानांचे बोर्ड रंगवणारा पेंटर होता. त्याची मुलगी वर्गात सगळ्यांत लहानखुरी, आणि दप्तर तिच्याहून मोठं, म्हणून मुलं तिला मुंगी म्हणायची. त्याने विचारलं, रंग कालवून दिला तर चालेल का?

“बोटसुद्धा लावायचं नाही,” मी म्हटलं. लोक हसले. तोही हसला, मान डोलावली आणि कागदावर सही केली. सही वेडीवाकडी होती. घाई असेल, असं मला वाटलं.

पुढे रोजच्या डायरीतही ती तशीच यायची, कधी ओळीच्या वर तर कधी खाली. एकदा मी लाल पेनाने शेरा मारला, ‘पालकांनी सही सावकाश व नीट करावी.’ त्यानंतर सही जरा मोठी आणि कागदावर दाबून केलेली दिसू लागली, पण वाकडी ती वाकडीच. मी मनात म्हटलं, जन्मभर अक्षरं रंगवणारा माणूस, आणि मुलीच्या डायरीसाठी दोन मिनिटं नीट बसवत नाही.

पहिला प्रकल्प होता ‘पाण्याचा प्रवास’. चाळीस तक्ते आले. कुणाची नदी डोंगर चढत होती, कुणाच्या ढगाला मिशा होत्या. भोपळा नावाच्या आमच्या गोलमटोल विनोदवीराने समुद्रात स्वतःला पोहताना काढलं होतं. आणि मग मुंगीचा तक्ता उघडला. निळ्या रंगातलं शीर्षक, प्रत्येक अक्षराचा दांडा सारख्या उंचीचा, वेलांटी अशी वळलेली की बोट फिरवावंसं वाटावं. अक्षरांखाली खडूची अगदी पुसट सरळ रेघ राहिली होती. बोर्ड रंगवणारे तशी रेघ मारतात, हे मी रस्त्यावर पाहिलं होतं. मी तिची वही काढली. वहीतलं अक्षर चारचौघांसारखं, शेवटाकडे घसरणारं. आणखी काय पुरावा हवा होता?

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

“मी.”

“बाबांनी किती मदत केली?”

“नाही केली. मीच केलं.”

मी तक्त्याच्या कोपऱ्यात शून्य लिहिलं, त्याभोवती गोल केला आणि सगळ्या वर्गाला प्रामाणिकपणावर चार गोष्टी ऐकवल्या. त्यातली एक तर बरीच लांब होती. ती होईपर्यंत मुंगी उभीच होती. मला आठवतं, तिने रडायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. एखाद्या मोठ्या माणसाला पाढा चुकताना बघावं, तशी.

वडील भांडायला येतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. कुणी आलं नाही. डायरीवर त्या दिवशीही सही होती.

दीड महिन्याने दुसरा प्रकल्प आला, ‘बियांचा प्रवास’. मुंगीचा तक्ता पाहून मला हायसं वाटलं. अक्षरं कशीबशी उभी होती, एक पुढे झुकलेलं तर दुसरं मागे पडलेलं, निळा रंग दोन ठिकाणी फासला गेलेला. अगदी मुलाचं काम. मी तिला दहापैकी दहा दिले. वर्गासमोर तक्ता उंच धरला आणि म्हटलं, बघा, हे स्वतःच्या हाताचं काम, ह्याला म्हणतात मेहनत. टाळ्याही वाजवायला लावल्या. ती तक्ता घ्यायला पुढे आली तेव्हा तिच्या डाव्या हाताच्या कडेला करंगळीपासून मनगटापर्यंत निळा रंग लागलेला होता. हात धुऊन यावं, म्हणून मी तिला पाठवलं. कलम अकरा, स्वच्छता.

सहामाहीनंतर पालकांना एकेकट्याने भेटायचा दिवस येतो. प्रत्येकाला दहा मिनिटं, मुलाने सोबत असायलाच हवं. पेंटर मुलीला घेऊन आला आणि ह्या वेळी माझ्यासमोर खुर्चीत बसला. दोन्ही हात त्याने मांडीवर एकात एक अडकवून ठेवले होते. मी समजूतदारपणे बोलले. झालं गेलं गंगेला मिळालं, म्हटलं, पण त्या शून्याचा उपयोग झाला बघा. दुसरा तक्ता त्याच्यापुढे पसरला आणि दहाचा आकडा दाखवला.

त्याने तक्ता बराच वेळ पाहिला. मग हळूच विचारलं, “बाई, हा चांगला आहे?”

मी म्हटलं, मुलांचं काम मुलांसारखं दिसायला हवं.

“हा तिने डाव्या हाताने केलाय,” तो म्हणाला. “घरात बघितलं तेव्हा मला कळेना. विचारलं तर सांगेना. म्हटलं, शाळेत तसं शिकवत असतील. तसा नियम आहे का, एवढंच विचारायचं होतं.”

मी मुंगीकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेचं सोललेलं सनमायका नखाने उचकटत होती. का केलंस असं, मी विचारलं. तिने वर पाहिलं नाही.

“उजव्या हाताने केलं की बाबांचं वाटतं.”

माणूस किती कोडगा असतो ते सांगते. एवढं ऐकूनही मी लगेच हरले नाही. मी कपाटातून पहिला तक्ता काढला आणि म्हटलं, पण ही खडूची रेघ? आणि वहीतलं अक्षर का असं नाही?

तो रागावला नाही. मला वाटतं, कामाबद्दल कुणी विचारलं याचंच त्याला बरं वाटलं. पेन बोटांनी चालतं, ब्रश खांद्यापासून चालतो, तो म्हणाला, त्यामुळे वहीवरून ब्रशचा हात ओळखता येत नाही. पाच वर्षांची असल्यापासून ती त्याच्या शेजारी बसून जुन्या पत्र्यावर अक्षरं गिरवायची. आणि रेघ मारायची तर खडू लावलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा असतो, मग मधोमध उचलून सोडायचा. “एक टोक मी धरणार होतो. पण तुम्ही बोटसुद्धा नको म्हणाला होतात. मग तिने खिळा ठोकला आणि दोरा त्याला बांधला. मी लांब बसून राहिलो.”

दहा मिनिटं संपली होती. बाहेर पुढचे पालक खाकरत होते. मी भेटीचा कागद पुढे सरकवला, कारण सही घ्यायची असते. मुंगी उठली, आणि रोजचं काम असावं तसे दोन्ही तळवे कागदावर दाबून तिने तो पक्का धरला. बापाने मांडीवरचे हात सोडवले. उजवा हात पेनापर्यंत येईतो थरथरत होता. पेन धरल्यावर जास्तच. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं आणि सही केली, सावकाश, दाबून, जमेल तितकी नीट.

“दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. “आता बोर्ड भाऊ रंगवतो. मी रंग कालवतो.”

ती दोघं गेल्यावर मी पुढच्या पालकांशी काय बोलले, मला आठवत नाही. सगळे गेल्यावर रिकाम्या वर्गात मुंगीची डायरी उघडून बसले. एकाहत्तर सह्या होत्या. एकाहत्तर वेळा तो माणूस त्याचा हात मला दाखवत होता आणि एकाहत्तर वेळा मी त्या सहीपुढे बरोबरची खूण केली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. माझा लाल शेराही तिथेच होता, सावकाश व नीट. मला इतकी लाज वाटली की मी उठून वर्गाचं दार लावून घेतलं. खोटं वागायला मीच तिला शिकवलं, आणि वर टाळ्या वाजवल्या.

सोमवारी हजेरी झाल्यावर मी खुर्चीतून उठले आणि म्हटलं, कलम सात कोण वाचतं? भोपळ्याने वाचलं. चूक झाली तर उभं राहून मोठ्याने सांगावी, कारण देऊ नये.

मी उभीच होते. म्हटलं, “पाण्याच्या प्रवासाचा तक्ता मुंगीने स्वतः केला होता. ती खरं बोलत होती आणि मी तिला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं. माझी चूक झाली.”

मग भोपळा गंभीरपणे म्हणाला, “बाई, आता बसा. कारण द्यायचं नसतं.” आणि खरंच, कारण द्यायला माझं तोंड उघडलेलं होतं. मी ते मिटलं.

पहिल्या तक्त्यावरचं शून्य मी खोडलं. कलम नऊवर त्यासाठी आधी काट मारावी लागली. मग कलम चारचं काय करायचं यावर मुलांनी दोन तास डोकं खाल्लं. कुणी म्हणालं मदत चालावी, कुणी म्हणालं मग पूल परत येईल. शेवटी ठरलं ते असं: काम कसं केलं ते करणाऱ्याने सांगावं, आणि बाईंनी आधी ऐकावं. हे मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावायचं होतं. कुणी लिहायचं हे कुणीच बोललं नाही, पण सगळ्यांच्या माना एकाच बाकाकडे वळल्या.

मुंगीने नको म्हणून मान हलवली. मला वाटलं होतं, चूक कबूल केली की पोरगी हसेल आणि सगळं सुतासारखं सरळ होईल. तसं काही झालं नाही. तिने माझ्याशी बोलणं टाकलं नव्हतं, विचारलं तर उत्तर द्यायची, पण वर्गात चित्र काढायची वेळ आली की ब्रश डाव्या हातात असायचा. तीन आठवडे तो कागद कोरा लटकला. मी एकदाही आठवण केली नाही. माझ्यासारखीला हे किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक.

चौथ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मी वह्या तपासत बसले होते. मुंगी टेबलापाशी आली. तिच्या एका हातात ब्रश होता आणि दुसऱ्यात खडूने पांढरा झालेला दोरा. तिने कोरा कागद काढून जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार डस्टर ठेवले आणि दोऱ्याचं एक टोक माझ्यापुढे धरलं.

“बाई, हे टोक मोठ्या माणसाने धरलं तर चालतं ना?”

चालतं, मी म्हटलं. मी खाली बसले, गुडघे कुरकुरले. तिने सांगितलं त्या खुणेवर दोरा अंगठ्याने दाबून धरला. हलू नका, ती म्हणाली, आणि मी हलले नाही. तिने दोरा मधोमध उचलून सोडला. पांढरी सरळ रेघ उमटली. मग तिने ब्रश उजव्या हातात घेतला.