भाडेकरूची पारख

हंबीररावांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री होती आणि तिथं कमावलेला पैसा त्यांनी राजारामपुरीतल्या दोन-तीन इमारतींत घातला होता. सत्त्याण्णव साली या इमारती त्यांनी जयसिंग मानेच्या हवाली केल्या. जयसिंग आधी फौंड्रीत टाइमकीपर होता. आता भाडेकरू बघणं, करार करणं, पाण्याची मोटर दुरुस्त करून घेणं, जिन्यातली भांडणं मिटवणं, सगळं त्याच्याकडं आलं. मालकाला तिकडं फिरकावंसुद्धा लागत नसे.

किल्ल्या देताना हंबीररावांनी एकच गोष्ट बजावली होती. "माणसं आपल्यातली बघायची. बाकीच्यांना जागा न्हाई म्हणायचं. का, ते सांगत बसायचं न्हाई."

आपल्यातली म्हणजे कोण, ते जयसिंगला कळलं. त्यात आपण बसत नाही, हेही कळलं. तो राधानगरीकडच्या एका खेड्यातल्या बौद्धवाड्यातला. पण माने आडनाव बऱ्याच समाजांत सापडतं आणि त्याला आजवर कुणी खोदून विचारलं नव्हतं. त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या.

पुढं तो या कामात मुरला. गोड बोलून गाव विचारायचा, पाहुणे कुठले ते काढून घ्यायचा आणि नको असलेल्याला चहा पाजून वाटेला लावायचा. सुरुवातीला अशा दिवशी घास घशाखाली उतरत नसे. मग उतरू लागला.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरची जागा मोकळी झाली. बघायला संघप्रिया नावाची मुलगी आली. कॉलेजात नुकतीच शिकवायला लागलेली. बरोबर तिची आई आक्काताई होती. नाव ऐकताच जयसिंगनं जागा कालच गेली म्हणून सांगितलं. मुलगी वळली. आई मात्र त्याच्याकडं निरखून बघत थांबली.

"तू गुंडूदाचा जयसिंग न्हवं? तुझ्या लग्नात भाकरी थापलीया की मी."

वॉचमन शेजारीच उभा होता. जयसिंगची जीभ आपसूक वळली. "न्हाई बाई. तुमची चूक होतीया. माझं गाव तिकडं न्हाई."

आक्काताईनं पदर सावरला आणि मुलीमागं चालू लागली.

वॉचमनसमोर आपण बापालाच नाकारलं, हे काही केल्या जयसिंगच्या मनातून जाईना. शेवटी मनाचा हिय्या करून तो फौंड्रीवर गेला. आपण कोण ते सांगितलं आणि ती जागा त्या मुलीला द्या, नाहीतर मला काढून टाका, म्हणाला.

हंबीरराव रागावले नाहीत. त्यांनी त्याला बसायला लावलं.

"मला ठावं हाय. किल्ल्या द्यायच्या आधीच तुझ्या गावात चौकशी केलती," ते म्हणाले. "म्हणून तर तुला ठेवला. दुसऱ्या कुणी न्हाई म्हटलं तर बोभाटा व्हतो. उद्या कुणी तक्रार केलीच, तर तुला पुढं करायचा. काय बोलणार कोण?" मग म्हणाले, "दे की तिला ती जागा. एका जागेनं माझं काय बिघडतंय?"

काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं जयसिंगला वाटलं. तरी तो किल्ली घेऊन सदर बाजारात संघप्रियाचं घर हुडकत गेला. दारात आक्काताई होती. "या पावणं," एवढंच म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवून आत गेली. आपल्याच वाड्यातल्या माणसाला ती परक्यासारखी अहो-जाहो करत होती.

संघप्रियानं त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"काका, उद्या आमच्यातलंच दुसरं कोण जागा बघायला आलं, तर त्याला काय सांगणार तुम्ही?"

जयसिंगनं नुसतीच किल्ली तिच्यापुढं धरली. घरी लेकीचं लग्न ठरत होतं आणि पन्नाशीत दुसरी नोकरी कोण देणार होतं? तिनं किल्ली हातात घेतलीच नाही.

जागा पुढच्याच आठवड्यात एका बँक अधिकाऱ्याला गेली. जयसिंगनं नोकरी सोडली नाही. लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला म्हणून तो गावी गेला, तेव्हा वाड्यातल्या माणसांनी पत्रिका घेतल्या, चहाही दिला. लग्नाला मात्र त्यातलं कुणी आलं नाही. हंबीरराव आले होते. पहिल्या रांगेत बसून ते पोटभर जेवले.