हस्केलकाकांचा पेला

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा पेला आहे. अलिबागच्या सोनाराने मला घडवले आणि माझ्या काठावर हिब्रू अक्षरे कोरली. नागावकरांचे घर बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे. दर शुक्रवारी तिन्हीसांजेला माझ्यात मनुकांचा रस भरत, प्रार्थना म्हणत आणि सगळे एकेक घोट घेत.

हस्केल नागावकरांनी सरकारी नोकरीसाठी येताना मला दिल्लीला आणले. लक्ष्मीबाई नगरात शेजारी साळवे राहत. ते मराठी ख्रिस्ती. एका शुक्रवारी सुखदा साळवे जेवायला आली होती. मला निरखत तिने विचारले, "काका, शेवटच्या भोजनात येशूने उचलला तो पेला असाच असेल?"

"असाच काहीसा. वल्हांडणाचं जेवण होतं ना ते, आमच्याच सणाचं. येशूही ज्यूच होता, बाळ."

पुढे काकू वारल्या, मुले इस्राएलला गेली. साळवे गाझियाबादच्या नव्या सोसायटीत राहायला गेले, आणि निवृत्त झाल्यावर काकांनी तिथे त्यांच्या वरचाच फ्लॅट घेतला. तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना सुरू केली, तेव्हा काकांनी मला सुखदाच्या हाती दिले. "मी एकटा काय पिणार? तुमच्या प्रभुभोजनाला वापरा." येशूच्या त्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून दोन वर्षे मी हातोहात फिरलो. लोक माझे कौतुक करत.

मग शहाण्णव साली ईस्टरआधीचा गुरुवार आला. सुखदाने काकांनाही आग्रहाने उपासनेला नेले होते. मंडळीचे नवे सेक्रेटरी विश्वनाथराव यांनी माझ्यावरची अक्षरे पाहिली.

"हा यहुद्यांचा पेला? ज्यांनी प्रभूला मारलं, त्यांचा?"

सगळ्यांच्या नजरा मागच्या रांगेत बसलेल्या काकांकडे वळल्या. मी सुखदाच्या हातात होतो. काय उत्तर द्यायचे ते तिला ठाऊक होते, पण ती खाली बघत राहिली. काका उठले. दारापाशी चपला शोधायला त्यांना बराच वेळ लागला. कोणीही मदतीला गेले नाही.

त्यानंतर दर शुक्रवारी सुखदा मला घेऊन जिना चढे. काका दार अर्धेच उघडत. "आज बरं वाटत नाहीये," एवढेच म्हणत. तिसऱ्या महिन्यात ते हृदयविकाराने गेले. दफनाच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. सातच जमले. सगळे निघून गेल्यावर सुखदा कबरीजवळ बसली.

"काका, मला माहीत होतं," ती म्हणाली. "तरी मी बोलले नाही."

आता मी तिच्या कपाटात आहे, पार काळा पडलेला. ती मला घासत नाही, कोणाला देतही नाही. मित्रांनो, मला उजळवा असे माझे म्हणणे नाही. समोर कोणाचा अपमान होत असेल, तर तो माणूस दारातून बाहेर पडण्याआधी बोला.