खोबरेल प्यायलेली खिडकी

मित्रांनो, खिडकी म्हटलं की तुम्हाला गज, पडदे आणि बाहेर ठेवलेली कुंडी आठवत असेल. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी एका मोबाइल होमची खिडकी, वयाने पन्नाशीला टेकलेली. मोबाइल होम म्हणजे कारखान्यात पुरतं बांधून, ट्रकला जोडून रस्त्याने आणलेलं लांबुळकं घर. तुमच्या घरांना पाया असतो, आमच्याला चाकं होती. मी तयार झाले आणि पहिल्याच आठवड्यात दोनशे मैल फिरून आले. भिंतीत बसून एवढा प्रवास केलेली खिडकी तुमच्या ओळखीत आहे का, सांगा बरं.

माझा बांधा साधा. ॲल्युमिनियमची चौकट, त्यात एकाखाली एक तीन आडव्या काचा आणि खाली एक छोटं हँडल. हँडल फिरवलं की आतलं दातेरी चाक फिरतं आणि तिन्ही काचा एकदम बाहेर उचलल्या जातात. ओहायोतल्या एका कॉलेजच्या गावाबाहेर आमचं घर कायमचं टेकलं. पहिली पंचवीस वर्षं माझा काय थाट होता! मालकीणबाई मला दर शनिवारी पुसायच्या आणि आल्यागेल्याला हँडल फिरवून दाखवायच्या. मग भाडेकरू आले. एकाने माझ्या हँडलवर ओले मोजे वाळत घातले. दुसऱ्याने भिंत रंगवता रंगवता मलाही रंगवून टाकलं, काचांच्या कडांसकट. तिथून पुढे अकरा वर्षं मी मिटलेली. बाहेर मेपलची पानं लाल व्हायची, गळायची, आणि मी आपली बघत बसायची. खोटं कशाला बोलू, रडू यायचं. पण थंडीत काचेवर आतून पाणी जमतंच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या वर्षी आमचं घर वैदेहीने विकत घेतलं. ती नागपूरची, इथे केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करते. दोन वर्षं ती चार मुलींबरोबर एका अपार्टमेंटमध्ये राहत होती, कारण नवरा ऋषी आणि पाच वर्षांची लेक अंतरा नागपुरातच होते. आता दोघं कायमचे यायचे होते. नोव्हेंबरची तिकिटंही काढून झाली होती. साठवलेल्या पैशात तिघांना पुरेल असं एकच घर तिला परवडलं, ते आमचं.

पण ज्या पार्कमध्ये, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीत, आमचं घर उभं आहे, तिथल्या मॅनेजरबाई डार्लीन मोठ्या कडक. बेडरूमची खिडकी पूर्ण उघडलीच पाहिजे, हा त्यांचा नियम. पंधरा ऑक्टोबरला त्या तपासायला येणार होत्या. खिडकी उघडली नाही तर सही नाही, आणि सही नाही तर राहायला परवानगी नाही. म्हणजे त्या माय-लेकींचं एका छपराखाली येणं माझ्यावर अडलं होतं. माझ्या जागी नवी खिडकी बसवावी, तर मोबाइल होमची मापं जगावेगळी. दुकानदार म्हणाला, खास बनवून घ्यावी लागेल, दोन महिने लागतील. किंमत तर वैदेहीच्या आवाक्याबाहेरची.

तेव्हा ओहायोतल्याच डब्लिन गावाहून प्रल्हादकाका आणि सुमित्राकाकू आले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वैदेहीची त्यांच्याशी ओळख झाली होती. काकांनी उभी नोकरी टर्बाइन डिझाइन करण्यात घालवली. आता रिटायर झालेत आणि दुरुस्त करायला काहीतरी शोधत असतात. त्यांनी माझ्यावर टिचकी मारली, चौकट चाचपली आणि म्हणाले, "हिला कशाला फेकतेस? फ्रेम फर्स्ट क्लास आहे. रिपेअर करू." त्या एका वाक्यासाठी मी काकांना शंभर गुन्हे माफ केले आहेत. पुढे त्यातला एक त्यांनी लगेच केलाही.

सप्टेंबरचे दोन शनिवार माझी चंगळ होती. वैदेहीने पात्याने माझा रंग खरवडला, मला नुसत्या गुदगुल्या. मग मला भिंतीतून काढून अंगणात टेबलावर आडवं केलं. पावसाचं पाणी झिरपायचं त्या कडेची वाळकी पुट्टी खरवडून काढली, नवी चिकट पट्टी लावली, काचांना नवं रबर बसवलं आणि एकेक स्क्रू पिळून मला परत जागेवर आणलं. राहिलं ते दातेरी चाक. काकांनी गाडी भरून हत्यारं आणली होती, पण ग्रीसची डबी गॅरेजमध्येच राहिली होती.

"वैदेही, तुझ्याकडे काही तेल आहे का?"

"काका, पिशवीत फक्त खोबरेल आहे."

"मग आण की. खोबरेलापुढे ग्रीस झक मारतं."

पाव बाटली तेल त्यांनी माझ्यात ओतलं. आणि मित्रांनो, अकरा वर्षांनी मी उघडले. वारा आत शिरला. वैदेही हँडल फिरवतच राहिली, उघड, मीट, उघड, मीट. शेवटी काकू म्हणाल्या, "पुरे गं, चक्कर येईल तिला."

पंधरा ऑक्टोबर उजाडला आणि नेमकी त्याच पहाटे मोसमातली पहिली कडाक्याची थंडी पडली. घरात अजून कुणी राहत नव्हतं, हीटर बंद होता. डार्लीनबाई नऊला येणार म्हणून काका-काकू साडेआठलाच हजर. वैदेहीने हौसेने हँडलला हात घातला. हँडल तसूभर हललं नाही. दोन्ही हातांनी जोर लावला. नाही म्हणजे नाही.

"अलाइनमेंट गेली असणार," काका म्हणाले आणि पाना घेऊन पुढे आले.

"काका, नको, दाते तुटतील." वैदेही भिंतीला टेकून खाली बसली. "अंतरा रोज विचारते, आपलं घर झालं का. तिला आता काय सांगू?"

मी आतल्या आत ओरडत होते, अहो, थिजलंय ते! पण खिडकीचं कोण ऐकतं? काकूंनी मात्र हँडलच्या बुडाशी बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. त्यांनी ते हुंगलं आणि दोघांकडे वळल्या. "तुम्ही दोघं इंजिनिअर ना? थंडीत खोबरेलाच्या बाटलीचं काय होतं?"

मग वैदेही हळूच म्हणाली, "थिजतं."

काका छताकडे बघू लागले. काकू गुडघ्यासाठी शेकायची पिशवी कायम गाडीत ठेवतात. ती आली, केटलीत पाणी उकळलं आणि काकू मला शेक देत बसल्या. काय सुख होतं म्हणून सांगू!

तेवढ्यात डार्लीनबाई दारात. तीन माणसं एका खिडकीभोवती उभी, आणि एक बाई तिला गरम पिशवीने शेकतेय.

"इज शी सिक?" त्यांनी विचारलं.

"टू मिनिट्स," काकू शांतपणे म्हणाल्या. "यू वॉन्ट टी?"

चहा पिऊन झाला, तेवढ्यात माझं अंग सैल झालं. डार्लीनबाईंनी स्वतः हँडल फिरवलं. तेलाचा एक थेंब जमिनीवर टपकला आणि मी सताड उघडले. बाईंनी नाक वर करून वास घेतला. "स्मेल्स लाइक द बीच," म्हणाल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या. वैदेहीने काकूंना मिठी मारली. काकांनी त्याच दुपारी खोबरेलाचा थेंब न् थेंब पुसून ग्रीस भरलं. हा किस्सा काकू आता मंडळात सगळ्यांना सांगतात, आणि काका तेव्हा वाटीत भाजी घ्यायला उठतात.

नोव्हेंबरमध्ये अंतरा आली. दोन वर्षं तिने आई पाहिली ती फक्त फोनवर. समोर उभी असलेली खरी आई तिला परकी वाटली. ती बाबाच्या पाठीमागे लपायची, वैदेहीने हात पुढे केला की मान फिरवायची. वैदेहीने जबरदस्ती केली नाही. पण बाथरूमचा नळ सोडून ती रडायची, ते मला ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी वैदेही बाहेर पानं गोळा करत होती. अंतरा पलंगावर चढून माझ्यापाशी आली आणि थबकली. समोर काच, आणि काचेत आई. हे तिच्या सवयीचं होतं. तिने लगेच बोलायला सुरुवात केली. "आई, जेवलीस का? मी आज सगळं दूध प्यायले."

वैदेही जागची हलली नाही. "हो गं, जेवले. आणि तू?"

बऱ्याच गप्पा झाल्या. मग अंतराचं लक्ष माझ्या हँडलकडे गेलं. तिने ते फिरवलं. मी हू की चू न करता उघडले. काचेखालून एक इवलासा हात बाहेर गेला आणि आईच्या तोंडावर फिरला.

"आई, तुझं नाक किती गार आहे," अंतरा म्हणाली. "आत ये ना लवकर."

तर मित्रांनो, जुनी खिडकी भंगारात काढण्याआधी तिचं हँडल एकदा फिरवून बघा. रंग खरवडा, तेल घाला. पलीकडे कुणीतरी आत यायची वाट बघत उभं असेल.