दाखवायची आई

मी एक कुत्री बोलतेय. माझ्या पोटी एकही पिल्लू जन्मलेलं नाही, तरी निदान शंभर माणसांनी माझ्याकडे बघून "अगं बाई, किती गरीब आई आहे!" असं म्हटलेलं आहे. तीन वर्षं मी आई म्हणून बसत होते. बसण्याचंच काम होतं ते, बाकी काही करावं लागत नसे.

माझा स्वतःचा जन्म चांगल्या घरातला. रंगाने पिवळसर, जातीने लॅब्राडोर, स्वभावाने गाय. पहिल्या घरी नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे. मी वर्षाची झाले तेव्हा त्यांनी माझं ऑपरेशन करून घेतलं, मला पिल्लं होऊ नयेत म्हणून. ते काळजीपोटीच केलं होतं. पुढे त्यांची बदली झाली, नव्या घरात कुत्रं चालणार नव्हतं, आणि कुणीतरी सांगितलं की अमुक एक माणूस कुत्र्यांचा फार शौकीन आहे, त्याच्याकडे द्या. बाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले असते, पण मला वाटलं संध्याकाळी न्यायला येतील.

तो शौकीन माणूस म्हणजे माझा मालक. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या. पुढची लखलखीत: पुसलेली फरशी, कोपऱ्यात गादी, कपाटावर बक्षिसांचे कप. ते कप कुठल्या कुत्र्याने जिंकले नव्हते, दुकानातून आणले होते. मागच्या खोलीचं दार कायम लावलेलं. दर पंधरा दिवसांनी खाली टेम्पो थांबे आणि जाळीच्या खोक्यांतून पिल्लं वर येत. ती कुठून येत ते मला कधी कळलं नाही, पण वास कळे. पिल्लाच्या अंगाला त्याच्या आईचा वास असतो, धुतला तरी जात नाही. त्या वासात ओली जमीन असे, गंजलेली जाळी असे, आणि भीती असे. प्रत्येक वेळी निराळी आई, आणि तिच्यातली एकही मी नाही.

गिऱ्हाईक यायचं असलं की मालक दोन-तीन पिल्लांना आंघोळ घालून माझ्या पुढ्यात सोडी. हल्ली लोक शहाणे झालेत. आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका, हे कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं. मालक त्यांच्याहून शहाणा. त्याने आईच आणून बसवली.

परकी माणसं यायची, पिल्लं उचलायची, उलटीपालटी करायची, आणि मी शेपटी हलवत बसायची. खरं तर तिथंच कुणाच्यातरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. मला दोन वेळा पोटभर मिळत होतं. लाज वाटायला हवी होती, ती पुढे वाटली.

एक दिवस मास्तर आले. कपडे शिवणारे मास्तर. मोजपट्टी गळ्यात तशीच विसरून आलेले, साठी उलटलेली, दुकान मुलाच्या हवाली केलेलं. त्यांनी पिल्लांकडे नंतर बघितलं, आधी माझ्याकडे. हात पुढे केला. मी चाटला.

"आई अशी आहे म्हटल्यावर पिल्लू वाईट कसं निघेल?" असं म्हणून त्यांनी एक पिल्लू कोटाच्या आत घेतलं. त्या पिल्लाचं पोट टम्म फुगलेलं होतं आणि डोळे ओले होते. मला ते दिसत होतं. मी शेपटी हलवली.

महिन्याभराने मास्तर परत आले. या वेळी सोबत बायको होती. तिला सगळे सिस्टर म्हणतात, कारण तिचा जन्म प्रसूतिगृहात बाळंतिणींची उठबस करण्यात गेला. मास्तरांचा चेहरा उतरलेला होता.

"आठव्या दिवशी गेलं," ते म्हणाले. "बटण नाव ठेवलं होतं. माझंच काहीतरी चुकलं असेल."

"चुकलंच असणार," मालक लगेच म्हणाला. "गाईचं दूध पाजलं असेल. गार फरशीवर निजवलं असेल. माझ्याकडून हिंडतं-फिरतं गेलं होतं हो! जाऊ दे, मन लहान करू नका. आत्ताच दुसरं घेऊन जा."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. पिल्लं त्यांच्या पायाशी आली तर त्यांनी पाय मागे घेतले. "नको. माझा हातगुणच वाईट," ते पुटपुटले.

"तुमचा हातगुण मग बघू," सिस्टर म्हणाल्या. "आधी मला आई बघू दे."

त्या गुडघ्यांची कुरकुर न ऐकता खाली बसल्या. मला आडवं केलं. शंभर माणसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तोंडाऐवजी माझ्या पोटाकडे बघत होतं.

"पिल्लं किती दिवसांची?"

"पस्तीस."

"पाजते अजून?"

"पाजते ना! आज सकाळीच पाजलं."

सिस्टरांनी माझ्या पोटावरून बोटं फिरवली. हात गरम होता आणि घाई अजिबात नव्हती. "दादा, पोट बघितलं की बाळंतीण कुठली आणि पाहुणी कुठली हे मी झोपेतसुद्धा सांगेन. हिला दूध नाही. कधी आलेलंही नाही. अहो, जरा इकडे या. हे काय आहे बघा."

मास्तरांनी चष्मा लावला आणि वाकले. माझ्या पोटावर केसांच्या आड एक बारीक रेघ आहे, बोटभर. डॉक्टर सोडून कुणाला दिसली नसती. मास्तरांनी ती अंगठ्याने हळूच ताणून पाहिली.

"शिवण आहे," ते म्हणाले. "जुनी आहे. टाके बारीक घेतलेत, हात चांगला होता. चार वर्षं तरी झाली असतील."

"म्हणजे हिचं गर्भाशय काढलंय," सिस्टर म्हणाल्या. "ही पिल्लं हिला झाली कशी?"

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. "ही... ही त्यांची मावशी आहे."

"मघाशी आई होती."

"आई आत आहे. आजारी आहे."

"मग आत जाऊ. आजारी आयांचंच काम केलंय मी."

"आत कुणाला सोडत नाही. जंतू असतात."

मास्तर सरळ उभे राहिले. बरेच दिवस वाकून बसलेला माणूस पाठ सरळ करतो तसे. "म्हणजे ते आजारीच आलं होतं माझ्याकडे," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे. मला वाटलं ते चिडतील, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. पुढचं गिऱ्हाईक. मालकाची तारांबळ उडाली. "काय हवं ते न्या, पण आता निघा," तो दबक्या आवाजात म्हणाला.

सिस्टरांनी माझ्या गळ्यातला पट्टा धरला. "पिल्लू नको. हिला नेतो."

दारात एक तरुण जोडपं उभं होतं. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "आई बघायला आलात ना? ती ही. आम्ही घेऊन चाललोय." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आमच्या मागोमाग जिना उतरले.

सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी रीतसर तक्रार दिली. माणसं तपासायला गेली तेव्हा दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या, कपसुद्धा नव्हते. तो आता कुठे आहे आणि माझ्या जागी कोण बसलंय, हे मला माहीत नाही. मागे राहिलेल्या पिल्लांची आठवण आली की माझं जेवणावरून मन उडतं.

मास्तरांकडे मात्र मी सुखात आहे. शिवणयंत्राखाली, पायाच्या पट्टीशेजारी माझी जागा. मास्तर मला "अगं" म्हणतात आणि सिस्टरांनाही "अगं" म्हणतात, त्यामुळे हाक आली की आम्ही दोघी उठतो.

पुढे सिस्टरांनीच पिल्लाचा विषय काढला. जनावरांच्या डॉक्टरांनी एका बाईंचं नाव सांगितलं. या बाई वाचनालयात ग्रंथपाल. घरी दोन कुत्र्या, आई आणि लेक, दोन-तीन वर्षांतून एखादं वेत. आम्ही तिघं गेलो. मला अंगणातच थांबवलं, कारण आत महिन्याची पिल्लं होती. जाळीच्या दारातून त्यांची आई मला दिसली. हाडं वर आलेली, केस गळलेले, पोट लोंबणारं, आणि मला बघताच तिने ओठ मागे घेऊन अशी गुरगुर केली की माझ्या अंगावर काटा आला. तीन वर्षं मी कसं बसायला हवं होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

बाईंनी फाइल काढली. कुत्रीच्या मागच्या सांध्यांचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, बापाचेही कागद. मग चष्म्यावरून बघत त्यांनीच प्रश्न सुरू केले. घरात कोण कोण? दिवसा पिल्लाजवळ कोण? जिना आहे का? तुमच्यानंतर ते कुणाचं? मुलगी द्यायची असती तरी एवढी चौकशी झाली नसती. "आणि नाही जमलं तर रस्त्यावर नाही, दुसऱ्याला नाही, माझ्याकडे परत आणायचं. म्हातारं झालं असलं तरी," त्या म्हणाल्या. वाचनालयाची सवय, दुसरं काय!

"याआधी पिल्लू होतं? त्याचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

मास्तर खोटं बोलू शकले असते. सिस्टर त्यांच्याकडे बघत होत्या. "गेलं. रक्ताची हगवण," ते म्हणाले.

बाईंनी फाइल मिटली. "मग तुमच्या घरात वर्षभर पिल्लू नाही. तो रोग फरशीत, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. ही चार तशीही ठरलेली आहेत. लेकीच्या तपासण्या चांगल्या आल्या तर पुढच्या वर्षी बघू. आणि मी नक्की देईन असंही आज म्हणत नाही."

परतीच्या वाटेवर मास्तर म्हणाले, "घ्यायचं तर या बाईंकडूनच."

"का हो? त्यांनी तर नाही म्हटलं."

"म्हणूनच."

पण तोंडाने म्हणणं वेगळं. वर्ष सरत आलं तसे मास्तर कच खाऊ लागले. सिस्टरांनी पिल्लासाठी गोधडी शिवायला सांगितली, ती अर्धीच राहिली. ते पिल्लू आजारी आलं होतं हे त्यांना ठाऊक होतं, पण गेलं ते त्यांच्या हातांत. हात काही विसरत नव्हते. "मला नको वाटतं," असं ते मलाच सांगत, सिस्टर घरात नसल्या की.

आज दुपारी बाईंचा फोन आला. मास्तरांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो आणि मलाही सगळं कळतं.

"मास्तर, लेक सुटली. पाच झाली," बाई म्हणाल्या. "चार आहेत. एक गेलं. रुमालात धरून चोळत होते मी, अर्धा तास. श्वास घेतलाच नाही त्यानं."

मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "तुमच्या हातांत गेलं?"

"हो. माझ्याच."

मालकाने असलं काही कुणाला कधी सांगितलं नव्हतं. बाईंना सांगायची काही गरज नव्हती; चार झाली म्हटलं असतं तर कोण मोजायला जाणार होतं? मास्तर म्हणाले, "बाई, मी येऊ का? पिल्लू बघायला नाही."

"पहिले पंधरा दिवस मी आत कुणालाच सोडत नाही, मास्तर."

"आत कशाला? बाहेर पायरीवर बसेन. तुम्ही एकट्या असाल."

पलीकडून आवाज आला, "या."

तर वाचकहो, पिल्लू घ्यायला जाल तेव्हा माझ्यासारखी कुणी समोर दिसली म्हणून भुलू नका. तिच्या पोटाकडे बघा. लावलेलं दार उघडायला सांगा. आणि जो आजच न्या म्हणेल, त्याच्या घरातून उठून या. आम्हाला सांगता येत नाही, आम्ही शेपटी हलवतो.

बाकीचं पुन्हा कधीतरी. मास्तरांनी डबा भरून घेतलाय, बाईंनी सकाळपासून काही खाल्लं नसेल म्हणून. ते चपला शोधताहेत आणि "अगं, चल" म्हणताहेत. सिस्टर तर बाहेर गेल्यात, म्हणजे ही हाक माझीच.