मंजूर प्रश्न

गुन्हे शाखेत माणूस रुजू होतो तेव्हा त्याचे दात मोजतात. बत्तीस असले तर बत्तीस प्रश्न. पिशाच एका प्रश्नाचं उत्तर देतं, खरं देतं आणि उत्तर संपता संपता विचारणाऱ्याचा एक दात घेऊन जातं. कोणता न्यायचा ते तेच ठरवतं. दुखत मात्र नाही. जीभ नेहमीच्या जागी जाते आणि तिथे काही नसतं, एवढंच.

दात संपले की तपासनिसाला टेबलाचं काम मिळतं. दुसऱ्यांनी विचारायचे प्रश्न तो तपासतो, दुरुस्त करतो, मंजूर करतो. शाखेचे प्रमुख असेच वर चढले होते. त्यांच्यामागे सगळे त्यांना बोळके साहेब म्हणत. पिशाचाला कोणी पिशाच म्हणत नसे. ते खालचे साहेब. साहेबाला साहेब म्हटलं की नोकरी सोपी जाते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

ही हकीकत ज्या तपासनिसाची आहे, त्याचे सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर दोन दात उरले होते. उजवीकडची खालची एक दाढ आणि डावीकडची वरची अक्कलदाढ. शाखेत त्याला अक्कल म्हणत. "अक्कल जागेवर आहे का?" "अक्कल चहाला गेलीये." सुरुवातीला लोक हसायचे. आता कोणी हसत नव्हतं, पण नाव राहिलं होतं.

बुधवारी सकाळी तो आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर मावशी बसलेली होती. मावशी म्हणजे त्याची कोणी नव्हे. सत्तर वर्षांची शिवणकाम करणारी बाई. पँट आखूड करणं, चेन बदलणं, असली कामं ती घरी घेत असे. सोमवारी दुपारी दोन इमारती सोडून एका गिऱ्हाइकाला कपडे द्यायला गेली. बारा मिनिटांत परत आली, तर दार उघडं आणि थोरली बहीण, आक्का, घरात नाही. आक्का शहात्तर वर्षांची होती. चालायला ठणठणीत, पण तिला आपण कुठल्या सालात आहोत ते ठाऊक नसे.

"आज विचारता ना?" मावशीने विचारलं.

"आज नंबर लागलाय, मावशी. फक्त प्रश्न मंजूर व्हायचाय."

"प्रश्नात मंजूर काय करायचं असतं? आक्का कुठे आहे, एवढंच तर विचारायचंय."

"तेच लिहिलंय मी."

तो कागद घेऊन बोळके साहेबांकडे गेला. साहेबांनी चष्मा लावला, कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"‘आक्का कुठे आहे?’ हा काय प्रश्न झाला?"

"साधा आहे, साहेब."

"तीच तर अडचण आहे. अरे, ‘कुठे’ विचारून मी तीन दात घालवलेत. एकदा उत्तर आलं, ‘पाण्याजवळ.’ आठ महिने आम्ही पाणी बघत फिरलो. विहिरी, तळी, गच्चीवरच्या टाक्या. शेवटी बाई सापडली जावयाच्या घरी. मोरीत भांडी घासत होती."

"मग ‘नेमकी कुठे’ असं लिहू?"

"नेमकं म्हणजे किती, ते कोण ठरवणार? तू?" साहेबांनी लाल पेन काढलं, प्रश्नावर आडवी रेघ मारली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: सदर महिला आपल्या हद्दीत आहे काय? "हे बघ. हो किंवा नाही. त्यांना पळवाट नाही, आपल्याला डोकेदुखी नाही."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर फाइल ज्यांच्या हद्दीत ती असेल त्यांच्याकडे."

"ती कुणाच्या हद्दीत आहे ते कसं कळणार?"

"ज्यांच्या हद्दीत असेल त्यांना कळेलच की."

"साहेब, तिसरा दिवस आहे. रात्री गारठा पडतोय. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या बहिणीच्या पिशवीत आहेत."

"म्हणूनच म्हणतो, आता वेळ घालवू नकोस," साहेब म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

अक्कल कागद घेऊन बाहेर आला. मंजूर झालेला प्रश्न अक्षराचा फरक न करता वाचायचा असतो. सव्वीस वर्षांत त्याने कधी फरक केला नव्हता.

खालच्या साहेबांची खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. पूर्वी तिथे कोरे कागद आणि शाईच्या बाटल्या ठेवत. जमिनीवरचं वर्तुळ आधी खडूने काढायचे, पण झाडणारी बाई ते रोज पुसून टाकायची. शेवटी रस्त्यावर पट्टे मारणाऱ्या माणसाला बोलावून ते पिवळ्या रंगात पक्कं करून घेतलं होतं. नातेवाइकांपैकी एकाला आत बसता येई, भिंतीकडच्या खुर्चीवर, काही न बोलता. मावशी बसली. अक्कलने कवळी काढून स्टीलच्या पेल्यात ठेवली, कारण खोट्या दातांनी हाक मारली की खालचे साहेब येत नाहीत. मग त्याने तीनदा हाक मारली.

ओल्या लोकरीसारखा वास आला. वर्तुळात कोणीतरी उभं राहिलं, छताला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून. त्याला चेहरा असावा, पण तिकडे बघितलं की डोळ्यांना पाणी यायचं, म्हणून कोणी बघत नसे.

"विचारा," खालचे साहेब म्हणाले.

अक्कलने कागद वाचला. दोन दातांच्या तोंडातून शब्द फुसफुसत बाहेर पडले, पण खालच्या साहेबांना असल्या बोलण्याची सवय होती.

"नाही," ते म्हणाले.

उजवीकडची दाढ गेली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. शिपायाने दारातूनच उत्तर लिहून घेतलं आणि नोंद करायला तो खाली गेला.

मावशी उठली. "नाही म्हणजे? जिवंत नाही?"

अक्कलने कवळी बसवली. "तसं नाही, मावशी. आमच्या हद्दीत नाही."

"मग कुणाच्या हद्दीत आहे?"

"ते विचारलं नव्हतं."

"अहो, हे समोर उभे आहेत की अजून. विचारा ना."

"एका फेरीत एकच दात घेतात. दुसऱ्या फेरीला दुसरा प्रश्न लागतो, आणि तो मंजूर झालेला नाही."

मावशीने पिवळ्या रेघेपर्यंत येऊन तोंडात बोटं घातली. तिने वरची आणि खालची अशी अख्खी कवळी बाहेर काढली आणि वर्तुळासमोर धरली. "हे सगळे घ्या. माझी आक्का कुठे आहे ते सांगा."

खालच्या साहेबांनी मान आणखी वाकवली. "हे आपले नाहीत," ते नम्रपणे म्हणाले. "क्षमा असावी." आणि ओल्या लोकरीचा वास विरून गेला.

मावशीने कवळी पदराला पुसली, पुन्हा तोंडात बसवली आणि खुर्चीत बसून राहिली. ती रडली असती तर अक्कलला बरं वाटलं असतं. रडणाऱ्या माणसाला पाणी देता येतं, पाठीवर हात ठेवता येतो. ती नुसती बसली होती.

"ती मला शोधत असणार," मावशी म्हणाली. "तिला वाटतं, मी अजून सात वर्षांची आहे. संध्याकाळ झाली की दारात उभी राहते, धाकटी शाळेतून आली नाही म्हणून. मी समोर उभी असते, तरी."

अक्कल पुन्हा बोळके साहेबांकडे गेला. साहेब बैठकीला गेले होते. ते कधी येतील ते कोणाला ठाऊक नव्हतं. नव्या प्रश्नाला शिक्का हवा, आणि शिक्का साहेबांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. तासभर तो दाराशी उभा राहिला. मग परत आला, खोलीचं दार आतून लावलं, कवळी पेल्यात ठेवली आणि तीनदा हाक मारली.

"आज दुसऱ्यांदा," खालचे साहेब म्हणाले. "कागद दिसत नाही."

"कागद नाही. आक्का कुठे आहे?"

आपण नेमकं उत्तर द्यावं की नाही, याचा खालचे साहेब विचार करत असावेत. अक्कलने जीभ अक्कलदाढेवर टेकवून ठेवली होती, जाणाऱ्या पाहुण्याचा हात धरावा तशी.

"आता या इमारतीत," ते म्हणाले. "तळमजल्यावर. तक्रार लिहून घेणाऱ्याच्या टेबलासमोर उभी आहे."

जिभेच्या टोकाला काही उरलं नाही.

लिफ्ट बंद होती. अक्कल पुढे आणि मावशी कठडा धरून मागे, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. दुसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, "तुम्ही जा, माझी वाट बघू नका." तो धावला. तळमजल्यावर पोचला तेव्हा टेबलासमोर कोणी नव्हतं. तक्रार लिहून घेणारा अंमलदार डबा उघडत होता.

अक्कलने विचारलं. अंमलदाराला काही कळेना. अक्कलची कवळी वर पेल्यातच राहिली होती. त्याने पुन्हा विचारलं, हातवारे केले, टेबलावर हात आपटला. तेवढ्यात मावशी आली.

"इथे एक म्हातारी बाई आली होती का?" तिने विचारलं.

"आली होती ना. आत्ता गेली."

"गेली? कुठे गेली?"

"माझी धाकटी बहीण हरवलीये म्हणाली. सात वर्षांची आहे म्हणाली. पत्ता विचारला तर सांगता येईना, स्वतःचं नाव विचारलं तर मलाच विचारते, तुमचं काय?" अंमलदाराने पोळीचा तुकडा मोडला. "मला शंका आली होती हं. तुमच्या फाइलवरचा फोटो आहे ना, थेट तसाच चेहरा. नोंदवही काढून बघितली. बघतो तर खाली लिहिलेलं, अकरा वाजून दहा मिनिटं, सदर महिला आपल्या हद्दीत नाही. खालच्या साहेबांचं उत्तर. ते कधी चुकत नाही. म्हटलं, मग ही कोणी दुसरी असणार."

मावशीने टेबलाची कड धरली.

"आणि तुम्ही तिला जाऊ दिलंत?"

"जाऊ नाही दिलं, बाई, नीट सांगितलं. आजी, घरी जा, बहीण आली असेल घरी." त्याने अक्कलकडे पाहिलं. "चुकलं का काही?"

अक्कल दाराकडे वळला होता.

दोघं बाहेर आले. रस्त्यावर दुपारची गर्दी होती. फाटकाशी एक चावीवाला बसायचा. अक्कल त्याच्यासमोर उभा राहिला आणि आपण काय विचारणार आहोत, याचा त्याने विचार केला. सव्वीस वर्षांत त्याने रस्त्यावरच्या एकाही माणसाला काही विचारलं नव्हतं. कोणाला काय विचारायचं असतं, कुठून सुरुवात करायची असते, त्याला काही माहीत नव्हतं. तो काहीतरी बोलला.

"काय?" चावीवाला म्हणाला.

"ते विचारतायत," मावशी म्हणाली, "आत्ता इथून एक म्हातारी बाई गेली का?"

"म्हाताऱ्या पुष्कळ जातात, मावशी. अंगात काय होतं?"

अक्कल मावशीकडे वळला. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. प्रश्न मात्र तिला कळला.

"तीन दिवस," ती म्हणाली, "तीन दिवस मी तुमच्या त्या बाकावर बसले. तुम्ही चहा पाजलात. हे कोणी विचारलं नाही मला."

चावीवाला वाट बघत होता.

"तपकिरी स्वेटर," मावशी म्हणाली. "उलटा घातलेला, शिवण बाहेर. मी सरळ करायला गेले की हातावर मारते. केस मोकळे. एकाच पायात मोजा."

"मी यंत्रावर होतो," चावीवाला म्हणाला. "त्या छत्री दुरुस्तीवाल्याला विचारा. पावसाळा सोडला तर त्याला काम नसतं, बसून रस्ता बघत असतो."

छत्रीवाल्याने पाहिलं होतं. उलटा स्वेटर त्याच्या लक्षात राहिला होता. मोठ्या चौकाकडे गेली, तो म्हणाला, भराभर चालत होती, दहा मिनिटं झाली असतील. एका शाळेच्या मुलीला थांबवून तिचं तोंड निरखून बघत होती.

ते चौकात पोचले. चौकातून पाच रस्ते फुटत होते. अक्कलने खिशातून वही काढली, पेन काढलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: तपकिरी स्वेटर, उलटा. केस मोकळे. मोजा एक. मग वही मावशीपुढे धरून त्याने स्वतःच्या दोन्ही पायांकडे आळीपाळीने बोट केलं.

"डाव्या," मावशी म्हणाली. "पण तो तिने आता काढून टाकला असेल."

त्याने लिहिलं, डावा. ते पान फाडून खिशात ठेवलं आणि तेच दुसऱ्या पानावर पुन्हा लिहून तिच्या हातात दिलं.

"मला कशाला? मला तोंडपाठ आहे," ती म्हणाली, पण कागद घेतला.

ती बाजाराच्या रस्त्याला लागली. तो दवाखान्याच्या. उरलेल्या तीन रस्त्यांवर शाळा सुटल्या होत्या आणि सारख्या गणवेशातल्या मुली घोळक्याघोळक्याने घरी निघाल्या होत्या.