अजून एक काडी

"मूळ उभं तडकलंय," महेश्वरी मॅडम एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाल्या. "दाढ काढावी लागेल."

खुर्चीवर शांतम्मा होती. मी ट्रे ठेवून एक्स-रे बघायला पुढे झालो. उमरग्याच्या या दवाखान्यात सव्वीस वर्षं कंपौंडर आहे मी, दात काढायचं ऐकून असा कधी पुढे झालो नव्हतो. पण ही दाढ माझ्या ओळखीची होती.

शांतम्मा कडक भाकऱ्या करून विकते. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. पहिली भाकरी झाली की तुकडा मोडून उजव्या दाढेखाली धरायची; आवाज पटला तरच पुढच्या थापायच्या, ही तिची रीत. येळवशीला सगळा गाव शेतात जेवायला जातो, तेव्हा दरवर्षी ती मला दहा भाकऱ्या बांधून पाठवते. दातांच्या दवाखान्यात जन्म काढूनही माझ्या मागच्या दाढा कधीच गेल्यात. मी त्या दुधात भिजवून खातो. हे तिला ठाऊक नाही.

तरुणपणी आमच्या लग्नाचं बोलणं झालं होतं. कुठंतरी बिनसलं, ती बसवकल्याणला गेली आणि नवरा वारल्यावर परत आली. मी लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर मी त्याच्या दातांची चौकशी करतो.

अकरा वर्षांपूर्वी जुन्या डॉक्टरांनी या दाढेचं रूट कॅनल केलं. मुळातली पोकळी भरायला रबरासारख्या बारीक काड्या असतात. एक बसवायची, टोकदार हत्याराने बाजूला दाबायची आणि झालेल्या फटीत दुसरी घालायची. सहा झाल्यावर डॉक्टर थांबले. मीच म्हणालो, "डॉक्टर, अजून एक बसंल." ही दाढ तिला जन्मभर पुरावी, एवढंच माझ्या मनात होतं. त्यांनी जोर लावून सातवी बसवली. एक्स-रेत भरगच्च पांढरी रेघ दिसली आणि मी आठवडाभर खुशीत होतो.

मूळ कशाने तडकतं, हे मॅडमना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. फार दाबून भरलं तर मुळाला केसाएवढी चीर जाऊ शकते, म्हणाल्या, आणि चावून चावून ती बऱ्याच वर्षांनी उघडते. त्या स्वतः एकच काडी आणि मऊ लेप वापरतात, दाब जवळजवळ नाहीच. नुसत्या कडक खाण्यानेही मूळ तडकतं, असंही त्या म्हणाल्या. मला त्याचा आधार वाटला नाही.

दाढ काढल्यावर शांतम्मा कापूस दाबून बाकावर बसली. मी जवळ जाऊन सांगून टाकलं, "चूक माझी हाय. म्याच म्हनलो व्हतो, अजून एक बसवा म्हनून."

ती कापसाआडून सावकाश बोलली. "ठावं हाय मला. तोंड उघडं व्हतं, तसं कान बी उघडेच व्हते की. अकरा वरसं त्याच दाढंवर धंदा केला न्हवं म्या?"

येळवशीच्या आदल्या दिवशी तिने मला घरी बोलावून घेतलं. तव्यावरून पहिली भाकरी उतरवून तिने माझ्यापुढे धरली.

"कंपौंडर, चाखून सांगा. मला आता कळंना झालंय."

इतकी वर्षं मला एवढंच हवं होतं, तिने मला काही विचारावं. मी भाकरी कानाजवळ नेऊन तुकडा मोडला.

"झाली," म्हणालो.

तिने दुसरी थापायला घेतली. तुकडा मी तोंडात टाकला आणि तो भिजेपर्यंत तिथंच उभा राहिलो.